गळती रोध

दोन शब्दांचा अर्थ सांगायला पोलीस ठाण्यात बोलावणं येण्याचा मान महाराष्ट्रात फार थोड्या प्राध्यापकांना मिळाला असेल. धुळ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे तोताराम शिरुडे सर यांना तो अडुसष्टच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी मिळाला. शब्द होते 'गळती रोध'. सरांनी त्यांचा एक अर्थ सांगितला तर जळगावचा जब्बार मिस्त्री तुरुंगात जाणार होता. दुसरा सांगितला तर अभयकुमारच्या मृत्यूला कारण म्हणून खुद्द सरांचं नाव कागदावर चढणार होतं. तिसरा अर्थ नव्हता. सरांनी तो चार दिवस शोधून पाहिला होता.

शब्द त्यांचेच होते. राज्याचा कारभार मराठीत करायचं ठरलं, तेव्हा विज्ञानालाही मराठी करून घ्यावं असं पुण्यात कोणाच्या तरी मनात आलं आणि एक समिती नेमली गेली. समितीची उपसमिती झाली आणि तिच्यात खानदेशातून कोणी तरी हवं म्हणून शिरुडे सर गेले. तिमाहीला ते पुण्याला जात आणि चाळीसेक शब्द घेऊन परत येत. मूल होत नसलेल्या घरात शब्द आले म्हणजे त्यांचं कौतुक जरा जास्तच होतं. सर कंडेन्सरला धारित्र म्हणत, ट्रान्सफॉर्मरला रोहित्र म्हणत, दिवाणखान्यातल्या फ्यूजला वितळतार म्हणत. आईबापांनी नावातच पोपट घातलेल्या माणसाने आपले शब्द आपण घडवावेत, यात एक प्रकारचा सूडही असेल.

अभयकुमार हा त्यांचे शब्द ऐकून घेणारा धुळ्यातला जवळपास एकमेव माणूस. पाचव्या गल्लीतल्या लखीचंद शेठचा मुलगा. वय छत्तीस, दुकान कापडाचं आणि वेड रेडिओचं. ऐकायच्या रेडिओचं वेड सगळ्यांनाच असतं. याला बोलायच्या रेडिओचं होतं. सरकारची परीक्षा देऊन त्याने हौशी रेडिओचा रीतसर परवाना काढला होता, आणि गिऱ्हाईक नसलं की गादीवर बसून गजाने कट्ट-कडकट्ट करत तारेची लिपी गिरवायचा. माडीवरच्या खोलीत त्याचा हाताने बांधलेला पंचवीस वॅटचा संच होता. हवा चांगली असली तर आवाज कोलंबोपर्यंत जाई. हवा फारच चांगली असली तर ऑस्ट्रेलियातला एक म्हातारा म्हणे, "कोणी तरी हिंदुस्थानातून कुजबुजतंय. पुन्हा सांगा."

"सर," अभयकुमार म्हणाला, "एकत्र कुटुंबात छत्तीस वर्षं कुजबुजलो. आता एकदा मोठ्याने बोलायचंय."

तेव्हा परवान्यात बसेल तेवढ्या मोठ्या शक्तीचा प्रवर्धक बांधायचं ठरलं. प्रवर्धक म्हणजे संचातला बारीक आवाज घेऊन दांडगा करणारं यंत्र. अभयकुमार त्याला लिनिअर म्हणायचा. सर म्हणू देत नसत.

दिवाळीनंतर महिनाभर दुकानाच्या गादीवर एकेका भागाची निवड चालली.

"आठशे सात नंबरच्या चार व्हॉल्व्ह घालू, का आठशे तेराची एकच?"

"निर्वात नलिका म्हण."

"नलिका म्हटलं की मला होळीची पिचकारी दिसते, सर."

"चार लहान स्वस्तात मिळतील."

"चार नकोत. चारातली एक रुसली की चौघी बंद. ते आमच्याकडे खाली स्वयंपाकघरात रोज आहे."

एकच मोठी ठरली. विजेला एका दिशेने वळवायला, म्हणजे सरांच्या दिष्टकारीसाठी, पाऱ्याच्या नळ्या घ्याव्यात की नवे सिलिकॉनचे मणी, यावर दोन संध्याकाळी गेल्या. पाऱ्याच्या नळ्या पेटल्या की जांभळा उजेड पडतो, आणि अभयकुमारचा जीव त्या उजेडात अडकला होता. पण लखीचंद शेठनी हिशेब लिहिता लिहिता मान वर न करता सांगितलं, "पारा घरात नको." पारा गेला. आतलं मोठं वेटोळं तांब्याच्या नळीचं लागतं, ते सोनगीरच्या तांबटाने हंड्याच्या गळ्यावर गुंडाळून असं सुबक करून दिलं की ते पाहून लाडकुंवरने, अभयकुमारच्या बायकोने, असाच एक तांब्या मागितला.

मग धारित्र. वीज साठवून ठेवणारा डबा. मुंबईच्या भंगारबाजारात लढाईतल्या जहाजांवरचे, तेलात बुडवलेले, तुपाच्या डब्याएवढे करडे डबे मिळत.

"आठ मायक्रोफॅरडचा पुरेल," सर म्हणाले.

"सोळाचा घेऊ. कापड फाडताना आम्ही बोटभर जास्तच धरतो."

सोळाचा आला. दोन हजारांवर व्होल्ट त्यात राहणार होते. आणि या डब्याची एक खोड अशी की वीज बंद केली तरी पोटातलं तो सोडत नाही. तासन् तास धरून बसतो. म्हणून रांजणाला बुडाशी बारीक छिद्र ठेवावं तसा त्याच्या दोन टोकांमध्ये एक रोध, म्हणजे विजेला अडवून थोडी थोडीच जाऊ देणारा भाग, जोडून ठेवतात. चिनी मातीची हिरवी नळी, तिच्यावर तार. यंत्र बंद झालं की मिनिटाभरात सगळी वीज तिच्यातून झिरपून डबा रिकामा होतो. इंग्रजीत तिला 'ब्लीडर' म्हणतात. उपसमितीत 'रक्तस्रावक' असा एक शब्द पुढे आला होता. तो एका मताने पडला. पाडणारं मत सरांचं होतं, आणि त्या जागी 'गळती रोध' हा शब्दही सरांचाच. गळती करणारा तो गळती रोध. सोपा, घरगुती.

यादीत पंधरावा भाग होता पेटीच्या दाराचा खटका. दार उघडलं की डब्याची टोकं आपोआप एकमेकांना टेकावीत असा. तो धुळ्यात मिळाला नाही, जळगावात मिळाला नाही आणि मुंबईचा माणूस आणायला विसरला. "गळती रोध असल्यावर खटक्याची काही आवश्यकता नाही," असं म्हणून सरांनी पंधरावी ओळ खोडली. चौदावर यादी संपली.

प्रवर्धकाला वीज पुरवणारी खालची, धारित्राची पेटी जळगावला जब्बार मिस्त्रीकडे बांधायला दिली. कापसाच्या जिनिंगच्या मोटारी जळाल्या की त्या धरणगावापासून त्याच्याकडे यायच्या. मराठी चौथीपर्यंत शिकलेला, पन्नाशीचा, बोलायला कमी माणूस. गुंडाळी पुन्हा भरायची, वॉर्निश पाजायचं, भट्टीत भाजायचं आणि मीटर लावून पाहायचं, की वीज तारेतून लोखंडात कुठे उतरत तर नाही. उतरली तर तिला धंद्यात लीकेज म्हणतात. लीकेज असलेली मोटार देणाऱ्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. कधी कधी तर गिऱ्हाईक उरतच नाही. तीस वर्षांत जब्बारकडून लीकेजवाली एक मोटार गेली नव्हती.

सर स्वतः एसटीने जळगावला गेले, भागांचं खोकं दिलं आणि चौदा ओळींची यादी दिली. आकृती त्यांनी दिली नाही. मिस्त्रीला आकृती वाचता येत नाही असं कळलं होतं. यादी तर मराठीतच होती.

जब्बारने ती कशी वाचली, ते सरांना पुढे त्याने ठाण्यात दिलेल्या जबाबावरून कळलं. रोहित्र हे त्याला एखाद्या माणसाचं नाव वाटलं. दिष्टकारी वाचून तो शेजारच्या उर्दू शाळेतल्या मास्तरकडे गेला. मास्तरने कानावर हात ठेवले. मग त्याने एकेक भाग हातात घेऊन, वजन करून, मीटर लावून तेरा ओळी सोडवल्या आणि त्या बरोबर सोडवल्या. चौदावी मात्र वाचल्याबरोबर कळली. सबंध यादीत कोणालाही न विचारता कळलेली ती एकच ओळ.

'१४. धारित्रावर गळती रोध.'

ती तर त्याच्या धंद्याचीच गोष्ट होती. हिरवी नळी त्याने आधी अंदाजाने डब्याच्या टोकांना लावून पाहिली होती. ती तापली. मीटरचा काटा हलला. वीज इकडची तिकडे जात होती, म्हणजे लीकेज. सरांनी लिहिलंय गळती रोध. त्याने नळी काढली, टोकांवर मेण ओतलं, वर दोन हात वॉर्निश मारलं आणि पेटी तीनदा तपासली. काटा जागचा हलला नाही. उरलेली नळी त्याने इमानदारीने वर्तमानपत्रात बांधली.

जानेवारीत पेटी ट्रकने धुळ्याला आली. तिच्या पाठोपाठ जब्बार आला. चार हमालांनी ती माडीवर चढवली. लखीचंद शेठनी मुहूर्त काढून ठेवला होता, सकाळी अकरा वीस, आणि अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. लाडकुंवरने पेटीवर कुंकवाने स्वस्तिकाचा साथिया काढला.

"सर," जब्बार पुडी पुढे करत म्हणाला, "हा उरलेला माल. आणि ते चौदा नंबरचं पक्कं केलंय. थेंबभर गळणार नाही."

सरांनी पुडी न सोडता फळीवर ठेवली. त्यांना भरून आलं होतं. एक मोटारी भरणारा मिस्त्री 'लीकेज' न म्हणता 'गळणार नाही' म्हणाला होता. पुण्याला सांगण्यासारखी गोष्ट होती.

"शाबास," सर म्हणाले.

नऊ दिवस प्रवर्धक उत्तम चालला. ऑस्ट्रेलियातल्या म्हाताऱ्याने अभयकुमारला ओरडू नकोस म्हणून सांगितलं. अभयकुमार त्या दिवशी दिवसभर गिऱ्हाइकांना तेच सांगत होता.

दहाव्या दिवशी दुपारी जेवून तो माडीवर गेला. पेटीच्या जाळीतून त्याला आत पाल दिसली. यंत्र सुरू केलं तर ती जळेल. आता तिचा जीव वाचवायचा तर धुळ्यात दुसऱ्या कोणी काठीने पेटी ठोकली असती. अभयकुमारने बटण बंद केलं, भिंतीतला प्लग ओढून काढला, आणि सरांनी शिकवलं होतं तसं मिनिटभर थांबला. घड्याळ खाली दुकानात होतं, म्हणून त्याने सावकाश नऊ नवकार मंत्र म्हटले. सुपारी घेऊन दारात आलेल्या लाडकुंवरने ते ऐकले. मग त्याने दार उघडून रुमाल धरलेला हात आत घातला.

पाल भिंतीवर गेली. लाडकुंवरने तीही पाहिली.

विजेचा तपासनीस आला. त्याने पेटी उघडली, मेण खरवडलं, फळीवरची पुडी सोडली आणि अहवाल दिला: अत्यावश्यक भाग बसवलेला नाही. लखीचंद शेठ म्हणाले, कोणावर खटला नको, त्याची घडी आली होती. पण माणूस मेला की घडीवर गुन्हा नोंदवता येत नाही. जब्बारला जळगावहून आणलं. त्याच्या खिशातून यादी निघाली.

सोमवारी संध्याकाळी सरांच्या पत्नी कमलबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "उद्या काय सांगणार तिथे?"

"शब्दाचा अर्थ."

"मला सांगा आधी."

सरांनी सांगितला.

"अहो, मला कोणी 'गळती रोध' असं लिहून दिलं असतं, तर मी नळाला चिंधी बांधली असती."

"ते आज्ञार्थी क्रियापद झालं. हे नाम आहे. आणि सबंध यादी नामांची आहे. तेरा ओळी नामं असताना चौदावीच क्रियापद कशी असेल?"

"तेरा ओळी त्याला कळल्या होत्या का नामं म्हणून?"

सरांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"तुम्हाला बोलला होता ना तो? थेंबभर गळणार नाही म्हणून?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच! त्या दिवशी घरी आलात ते चप्पल काढायच्या आधी सांगितलंत. किती छान मराठी बोलला म्हणून." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "त्याची बायको रहिमाबी काल येऊन ओट्यावर बसून गेली. तीन पोरी आहेत. आत ये म्हटलं तर आली नाही. पाणी घेतलं नाही. सोडवून या हो त्याला."

"सांगतो," सर म्हणाले. आणि ते सांगणारही होते. रात्री शांत झोपले.

ठाण्यात फौजदाराने उठून खुर्ची दिली. "आमचा धाकटा तुमच्याकडेच आहे सर, प्री-डिग्रीला. घरी तुमचंच नाव." जब्बार भिंतीशी उकिडवा बसला होता. सर आत येताना तो उठून उभा राहिला, आणि बस म्हणायला कोणाला सुचेपर्यंत उभाच राहिला.

साक्रीकडचा एक जुना हवालदार यादी उजेडाकडे धरून पाहत होता. "सर, हाई मराठीच शे ना? बठ्ठा अक्षरं वळखू येतस, पन समजत काहीच नही."

"आबा, तुम्ही लिहायचं काम करा," फौजदार म्हणाला. "सर, मला एवढंच हवंय. हे 'गळती रोध' म्हणजे वस्तू बसव असं आहे, की गळती बंद कर असं आहे?"

"असं आहे," सर म्हणाले, "की वाचणारा जर—"

"वाचणाऱ्याचं राहू द्या. तो काय, वाटेल ते वाचेल. शास्त्रात काय आहे? तुमचं शब्दांचं पुस्तक आहे म्हणे पुण्याचं."

पुस्तक पिशवीत होतं. अजून कच्ची छपाई. पण मुखपृष्ठावर उपसमितीच्या सभासदांची नावं होती आणि तिसरं नाव त्यांचं होतं. सरांनी पान काढलं. पान पटकन निघालं, कारण चार दिवस पुस्तक त्याच पानावर उघडत होतं. पुढच्या महिन्यात ते हजार प्रतींत छापलं जाणार होतं. या शब्दाने माणूस मेला असं या टेबलावर एकदा लिहिलं गेलं, की ते पुण्याला कळणार, आणि मग शब्द तर जाणारच, पण तिसरं नावही जाणार.

"रोध," सरांनी वाचलं. "पुल्लिंगी नाम."

ते खोटं नव्हतं. एकही अक्षर खोटं नव्हतं.

"म्हणजे वस्तू."

"वस्तू."

"आणि ती वस्तू याला दिली होती?"

"खोक्यात होती."

"झालं तर," फौजदार म्हणाला. त्याला हायसं वाटलेलं दिसलं. मुलाच्या प्राध्यापकाला आरोपी करणं कोणालाही जड जातं. "लिहा आबा."

अजून एक वाक्य शिल्लक होतं. मुहूर्ताला दहा मिनिटं असताना जब्बार काय म्हणाला आणि आपण त्यावर काय म्हणालो, ते. फौजदाराने ते विचारलं नव्हतं, कारण त्याला ते माहीत नव्हतं. जब्बारला माहीत होतं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. तो सरांकडेच पाहत होता. तक्रार करणाऱ्यासारखा नव्हे, वर्गातल्या मागच्या बाकावरून पाहतात तसा. सरांनी बोलायला तोंड उघडलं, आणि चहा आला. चहा घेतला. चहा घेतल्यावर तेच वाक्य पुन्हा काढायला जेवढा धीर लागतो, तेवढा सरांनी घरून आणला नव्हता.

"सर," जब्बार म्हणाला, "एक इचारू का?"

"विचार."

"नाम मंजे काय?"

बावीस वर्षांच्या नोकरीत सरांनी कोणाचाही प्रश्न परत पाठवला नव्हता. "नाम म्हणजे वस्तूचं नाव," ते म्हणाले. "आणि जे काम करायला सांगतात, ते क्रियापद."

जब्बारने ते नीट मनात धरलं. दोनदा मान हलवली. त्याला खरोखरच कळलं होतं, आणि कळल्याचं समाधानही क्षणभर चेहऱ्यावर दिसलं.

"मंग माहीच चूक झाली, साहेब," तो फौजदाराला म्हणाला. "सरांनी वस्तू लिवली व्हती. मी काम समजलो."

हवालदार पुटपुटत लिहू लागला. सर निघायला उठले, ते टेबलाजवळ थबकले आणि चष्मा सावरून कागदावर वाकले. 'आरोपीने आपली चूक कबुल केली.'

"कबूलमधला बू दीर्घ," सर हलक्या आवाजात म्हणाले.

हवालदाराने तो दीर्घ केला.